डिकीच्या दरवाजाला परत परत येणारा गंज: आधी आतलं ट्रिम काढा

हॅचबॅक असो, एसयूव्ही असो की व्हॅन, वर उघडणाऱ्या मागच्या दरवाजाचं दुखणं बहुतेक वेळा एकाच क्रमाने पुढे सरकतं. खालच्या कडेला रंगाखाली बारीक फुगे दिसतात. नखाने टोकरलं की पोपडा निघतो आणि खाली तपकिरी भुगा असतो. मग तेवढीच जागा घासून, पुट्टी ओढून, वरून रंगाचा स्प्रे मारला जातो. काही महिने दरवाजा नव्यासारखा दिसतो. मग त्याच जागी किंवा दोन बोटं बाजूला परत फुगा. पुन्हा घासकाम, पुन्हा रंग. तिसऱ्या खेपेला पत्र्यात स्क्रू ड्रायव्हर आरपार जातो.

हे असं होतं, कारण बाहेरचा फुगा म्हणजे गंजाचं शेवटचं टोक. सुरुवात आतून झालेली असते आणि आतली बाजू प्लास्टिकच्या ट्रिममागे, म्हणजे आतून बसवलेल्या पॅनलांमागे, झाकलेली असते. म्हणून गंज दुसऱ्यांदा दिसला असेल, तर पॉलिश पेपर हातात घेण्याआधी ट्रिम काढा. काम अर्ध्या-एक तासाचं आहे, आणि त्यानंतर पुढे काय करायचं ते डोळ्यांना दिसतं, अंदाज करत बसावं लागत नाही.

गंज नेमका तिथेच का

हा दरवाजा दोन पत्र्यांचा असतो. आतला पत्रा ताकदीसाठी, खाचा-भोकं असलेला. बाहेरचा गुळगुळीत पत्रा चारी कडांना दुमडून आतल्या पत्र्यावर दाबलेला असतो. या दुमडीत कारखान्यात चिकटद्रव भरतात आणि वरून सीलंटची रेघ ओढतात. बॉडी प्रायमरच्या टाकीत बुडवली जाते खरी, पण घट्ट दाबलेल्या दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत प्रायमर नीट पोहोचत नाही आणि पत्र्याच्या कापलेल्या धारेवर त्याचा थर पातळच बसतो. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरला तरी कापलेली धार उघडीच राहते. दरवाजाची दुमड ही त्यामुळे आजही सगळ्यात कच्ची जागा आहे.

आता त्या दुमडीत पाणी गेलं की ते सहजी सुकत नाही. अरुंद फट पाणी स्वतःकडे ओढून धरते. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा व्यापतो. त्यामुळे दुमड आतून फुगते, सीलंटला चीर जाते, चिरेतून आणखी पाणी शिरतं. मीठ मिसळलेलं पाणी असेल, समुद्राचं असो की बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाचं, तर हाच प्रकार कित्येक पट वेगाने होतो.

दरवाजात थोडंफार पाणी जाणं हे रचनेतच गृहीत धरलेलं आहे. म्हणून खालच्या कडेला निचऱ्याची भोकं ठेवलेली असतात, कधी गोल, कधी चिंचोळ्या खाचा, कधी रबरी झडप लावलेली. ही भोकं धूळ, सुकलेला मेणचट चिखल आणि झाडाच्या चुऱ्याने बुजतात. काही वेळा आधीच्या डेंटिंग-पेंटिंगमध्ये पुट्टीने किंवा सीलंटनेच बुजवलेली असतात. दुसऱ्या खेपेचा गंज पहिल्यापेक्षा जोरात आला असेल, तर माझा पहिला संशय इथेच जातो. दरवाजा उघडून झुलवला आणि आत पाणी हिंदकळल्याचा आवाज आला, तर पुढची चौकशी करायची गरजच नाही.

फुगा कुठे आहे, त्यावरून पाणी कुठून आलं ते

खालच्या कडेला सगळीकडे सारखे फुगे: निचरा बंद. पाणी येण्याचा मार्ग वेगळा असेल, पण मुक्काम खाली आहे.

नंबरप्लेटच्या आसपास: प्लेटचे स्क्रू बऱ्याचदा थेट पत्र्यात घातलेले असतात. स्क्रूने भोकाचा रंग खरवडला जातो आणि प्लेटमागे ओल धरून राहते. प्लेटच्या दिव्यांचं रबर कडक झालं की तिथूनही पाणी आत झिरपतं. बाहेरच्या हँडलभोवतीची प्लास्टिकची पट्टी, जिला गॅरेजमध्ये गार्निश म्हणतात, तिच्यामागे फोमच्या गॅस्केट असतात. जुना फोम पाणी अडवायचं सोडून ते शोषून ठेवतो.

काचेच्या खालच्या कडेला, रबराच्या आतून बाहेर येणारा गंज: ही वाईट बातमी. काच कधी बदलली असेल आणि जुना गोंद कापताना पात्याने रंग ओरखडला गेला असेल, तर गंज काचेच्या गोंदाखाली पसरतो. तो काच न उतरवता बरा होत नाही, आणि चिकटवलेली काच उतरवणं हे काच बसवणाऱ्या कारागिराचंच काम आहे. ट्रिम काढून आतून खात्री करता येते, पण दुरुस्तीचा रस्ता वेगळा.

मागच्या वायपरच्या आसपास, आणि तिथून खाली: वायपरच्या दांड्याभोवतीचं रबर बघा. त्याहून जास्त वेळा गुन्हेगार असते ती वॉशरची नळी. मागच्या काचेवर पाणी मारणारी बारीक नळी छतातून, बिजागरीजवळच्या रबरी बूटमधून, म्हणजे वाकणाऱ्या रबरी आवरणातून, दरवाजात येते. तिचा सांधा निसटला की वॉशरचं बटण दाबाल तेवढ्या वेळा साबणपाणी थेट दरवाजाच्या पोटात जातं. मागच्या काचेवर फवारा कमी येतो, वॉशरची टाकी लवकर रिकामी होते आणि खाली गंज वाढतो, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर आधी ही नळी तपासा. पाऊस नसतानाही दरवाजा आतून ओला असण्याचं हे एक नेहमीचं कारण.

वरच्या कडेला: स्पॉयलरचे बोल्ट, वरच्या ब्रेकलाइटची गॅस्केट, आणि वायरिंगचा रबरी बूट. हा बूट दरवाजाच्या प्रत्येक उघडझापीत वाकतो. त्याच्या घड्या चिरल्या की पाणी वायरींच्या आधाराने आत उतरतं. बूट चिरलेला दिसला तर आतल्या वायरीही वाकवून बघा. त्याच जागी तांबं तुटतं आणि मग कधी वायपर चालतो, कधी नंबरप्लेटचा दिवा लागत नाही, असे भुताटकीचे प्रकार सुरू होतात.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करून घ्या. दरवाजा लोखंडी पत्र्याचाच आहे ना? काही गाड्यांत तो ॲल्युमिनियमचा किंवा प्लास्टिकचा असतो. लोहचुंबक लावून बघा. ॲल्युमिनियमवर रंगाखाली पांढरट भुकटी येते, त्याचं प्राइमर आणि उपचार वेगळे. लोखंडी दरवाजावर मात्र चुंबक एका जागी चिकटतो आणि शेजारी सैल पडतो असं झालं, तर तिथे खाली पत्रा कमी आणि पुट्टी जास्त आहे. जुनी गाडी घेताना तपासायला ही युक्ती फुकटची आहे.

ट्रिमला हात लावण्याआधी

दरवाजा पूर्ण उघडा आणि खाली एक मजबूत काठी किंवा लाकडाचा टेकू द्या. दरवाजा उचलून धरणाऱ्या गॅसच्या दांड्यांवर भरवसा ठेवून डोकं आत घालू नका, विशेषतः दांडे जुने असतील तर. ते दाबाखालचे सीलबंद भाग आहेत. त्यांच्याजवळ ग्राइंडर, हीटगन किंवा वेल्डिंग नेऊ नका.

बॅटरीची ऋण तार काढा, पण दरवाजा उघडा असताना. आता बहुतेक गाड्यांत डिकीचं कुलूप फक्त विजेवर चालतं. बॅटरी सुटलेली असताना कुणी दरवाजा आपटून लावला, तर तो बाहेरून उघडणार नाही आणि मागच्या सीटवरून आत रांगत जाऊन ट्रिममधल्या छोट्या झाकणातून कुलपाचा खटका स्क्रू ड्रायव्हरने सरकवावा लागेल. सगळ्याच गाड्यांत ते झाकण असतं असंही नाही. कुलपाच्या तोंडावर चिंधी बांधून ठेवली की ही भानगड टळते. दरवाजा मोटरवर उघडणारा असेल, तर बॅटरी जोडल्यावर त्याची उंची पुन्हा शिकवावी लागू शकते. गाडीच्या पुस्तिकेत पद्धत दिलेली असते.

बाजूच्या खांबांना आणि छताच्या अस्तराला हात लावू नका. पडदा-एअरबॅग तिथे असतात, आणि आपलं काम फक्त दरवाजाच्या ट्रिमपुरतं आहे.

हत्यारं फार लागत नाहीत: प्लास्टिकच्या उचकवण्याच्या पट्ट्या, दुतोंडी चिमट्यासारखं क्लिप काढायचं साधन, स्क्रू ड्रायव्हर, स्टारच्या आकाराच्या बिट्स, मास्किंग टेप, टॉर्च, स्क्रू ठेवायला डबी. लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने ट्रिम उचकवू नका. ट्रिमवर वळ उठतो ते एकवेळ चालेल, पण खालच्या पत्र्याचा रंग खरवडला तर तुम्ही गंजाला नवीन दार उघडून देता. उचकवायच्या जागी पत्र्यावर मास्किंग टेपचे दोन थर लावा.

ट्रिम काढणं

मॉडेलनुसार तपशील बदलतात, पण मागच्या दरवाजाचं ट्रिम बहुधा तीन-चार तुकड्यांत असतं: काचेच्या वरची पट्टी, दोन बाजूच्या पट्ट्या, आणि खालचा मोठा पॅनल. हे तुकडे एकमेकांत अडकलेले असतात आणि त्यांचा क्रम ठरलेला असतो. कोणता तुकडा कोणाच्या कडेवर चढला आहे ते सांध्यावर बोट फिरवून बघा. जो वर चढलेला, तो आधी निघतो. बऱ्याच गाड्यांत आधी वरची पट्टी, मग बाजूच्या आणि शेवटी खालचा पॅनल असा क्रम असतो. काहींत खालचा पॅनल स्वतंत्रपणे निघतो आणि बाकीचं तसंच ठेवता येतं. गंज खालच्या कडेला असेल तर खालचा पॅनल पुरतो, पण वायरिंगचा बूट आणि नळी बघायची असेल तर वरचंही काढावं लागतं.

पहिलं काम लपलेले स्क्रू शोधणं. दरवाजा ओढायच्या खाचेत एक छोटं झाकण असतं, त्याखाली एक-दोन स्क्रू असतात. पार्सल ट्रेच्या दोऱ्या अडकवायच्या खुंट्या, आतला दिवा, धोक्याच्या त्रिकोणाचा कप्पा, यांच्याखालीही स्क्रू असू शकतो. मधोमध बटण किंवा खाच असलेल्या प्लास्टिकच्या पिना दिसल्या तर आधी त्यांचं मधलं बटण काढा, मग पिन. काहींचं मधलं बटण बाहेर ओढायचं असतं, तर काहींचं आत दाबायचं. जोर लावण्याआधी एकावर अंदाज घ्या.

सगळे स्क्रू निघाले याची खात्री झाली की खालच्या एका कोपऱ्यातून सुरुवात करा. पट्टी आत सरकवून क्लिपच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्या आणि तिथून सरळ बाहेरच्या दिशेने उचका. ट्रिमची कड लांबून धरून ओढली की क्लिप पत्र्यात राहते आणि ट्रिममागचा तिचा प्लास्टिकचा खुंट मोडतो. क्लिप नवी मिळते, मोडलेला खुंट मिळत नाही. पहिली क्लिप सुटताना 'टॉक' असा मोठा आवाज येतो आणि आपण काहीतरी मोडलं असं वाटून हात थांबतो. तसा आवाज ठीक आहे. कुरकुर करत चिरल्यासारखा आवाज आला तर मात्र थांबा, कुठेतरी स्क्रू राहिला आहे.

थंडीत प्लास्टिक ठिसूळ होतं. गाडी आधी तासभर उन्हात किंवा उबदार जागी ठेवा, किंवा हेअर ड्रायरने क्लिपच्या जागा कोमट करून घ्या. हीटगन नको, तिने ट्रिमचा पृष्ठभाग चकाकतो आणि तो डाग जात नाही.

पॅनल सुटला की लगेच दूर ओढू नका. मागे दिव्याचा, बटणाचा किंवा दरवाजा बंद करायच्या स्विचचा कपलर असू शकतो. कपलरची जीभ दाबून तो सोडवा, वायर ओढून नाही. प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढा. वायर कोणत्या खाचेतून गेली होती हे परत बसवताना आठवत नाही.

ट्रिमखाली काही गाड्यांत प्लास्टिकचा किंवा फोमचा पडदा चिकटवलेला असतो. हा पाणी अडवणारा पडदा आहे, पॅकिंग नव्हे. चिकट काळा बुटिल असेल तर कोपऱ्यातून हळूहळू सोलत न्या, तार धरल्यासारखा ताणला गेला तर पात्याने बुटिलमध्येच कापा. तो फाडून फेकून दिलेल्या गाड्यांत ट्रिममागचा पुठ्ठा कुजलेला आणि कुलूप गंजलेलं हमखास सापडतं.

आत काय दिसतं, आणि पाण्याचा शोध

आता टॉर्च भोकांतून खाली, दुमडीच्या दिशेने मारा. आतल्या पत्र्यावर पाण्याचे ओघळ सुकून पांढरट-तपकिरी रेघा उमटलेल्या असतात. रेघ खालून वर वाचत जा. ती जिथे सुरू होते तिथून पाणी येतं. मोबाइल आत घालून व्हिडिओ घेतला तर डोळा न पोहोचणाऱ्या जागाही दिसतात.

रेघ पुसट असेल तर पाण्याची चाचणी करा. आतलं सगळं कोरडं पुसून घ्या आणि संशयाच्या जागांच्या खाली टिश्यू पेपरच्या पट्ट्या चिकटवा. मग बॅटरी तात्पुरती जोडून मागचा वॉशर चालवा आणि नळीचे सांधे बघा. त्यानंतर दरवाजा लावून, एकाला टॉर्च घेऊन आत बसवून, बाहेरून साध्या पाइपने पाणी सोडा. खालून वर जा: आधी नंबरप्लेटचे दिवे, मग हँडल, मग वायपर, मग काचेची कड, शेवटी वरचा ब्रेकलाइट आणि स्पॉयलर. प्रत्येक जागी काही मिनिटं थांबा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. प्रेशर वॉशर वापरू नका. तो चांगल्या रबरातूनही पाणी ढकलतो.

गळती सापडली की आधी ती बंद करा. नळीचा सांधा, दिव्याचं रबर, गार्निशची गॅस्केट, चिरलेला बूट हे नवं बसवणं सिलिकॉन थापण्यापेक्षा चांगलं. घरगुती सिलिकॉनबद्दल माझं मत वाईट आहे. काही प्रकार सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतात, त्याचा व्हिनेगरसारखा वास येतो, आणि उघड्या पत्र्याला ते पोषक नाही. शिवाय एकदा सिलिकॉन लागलं की त्या जागी रंग धरत नाही. सील करायचंच असेल तर गाड्यांसाठीचं पॉलियुरेथेन सीलंट किंवा बुटिल वापरा.

किती खराब आहे, ते ठरवा

दुमडीवरून बोथट टोच्याने दाबत जा. पत्रा फक्त तपकिरी असेल, दाबला तर जात नसेल, तर घरच्या घरी काम होईल. खपल्या निघत असतील आणि पत्र्यात खड्डे पडले असतील तरी काम होतं, पण ते खड्डे मुळापासून साफ करावे लागतील. टोच्या आरपार गेला, तर तिथे कापून नवा तुकडा बसवणं आलं. बाहेरचा पत्रा साधारण पाऊण मिलिमीटरचा असतो. त्यावर सलग वेल्डिंग केलं तर तो उष्णतेने लाटांसारखा वाकतो. कारागीर म्हणून टाके मारत, थांबत, थंड होऊ देत काम करतो. छोट्या तुकड्यासाठी बॉडी पॅनलचा दोन घटकांचा चिकटद्रवही चालतो.

दुमड एका हातापेक्षा जास्त लांबीत कुजली असेल, तर मी दुरुस्तीच्या भानगडीत पडणार नाही. जुन्या गाड्यांच्या भागांतून त्याच मॉडेलचा निरोगी दरवाजा शोधावा. पण तो घेतानाही तिथेच खालचा पॅनल उचकून दुमड बघून घ्या, नाहीतर तोच आजार वेगळ्या रंगात घरी याल घेऊन.

गंज काढणं आणि रंग

या भागावर लोक सगळा वेळ घालवतात, खरं तर तो सगळ्यात सरळ आहे. मास्क आणि चष्मा घाला. ट्रिमची भोकं, कुलूप आणि वायपरची मोटर झाका. घासकामाची लोखंडी धूळ कुठेही पडली तर तिथे गंजाचे ठिपके उठतात.

फुग्याच्या बाहेर निरोगी रंग लागेपर्यंत खरवडा. फुगा बोटाएवढा असेल तर खालचा गंज बहुधा त्याच्या दुप्पट पसरलेला असतो. तारेचा ब्रश किंवा जाळीदार स्ट्रिपिंग चकती वापरा, मग 80 नंबरचा पेपर, आणि रंगाची कड 180 आणि 320 ने उतरती करत न्या. नुसत्या तारेच्या ब्रशने पॉलिश होऊन चकाकणारा काळा पत्रा साफ झाला असं समजू नका, खड्ड्यांच्या तळाशी गंज तसाच असतो. तिथे टोकदार हत्याराने किंवा बारीक ब्लास्टिंगने, म्हणजे वाळूसारख्या कणांच्या माऱ्याने, पोहोचावं लागतं.

जिथे हत्यार पोहोचत नाही, म्हणजे दुमडीच्या आत, तिथे रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंज पालटवणारं रसायन. यात फॉस्फोरिक किंवा टॅनिक ॲसिड असतं. ते लोह-ऑक्साइडचं स्थिर फॉस्फेट किंवा निळसर-काळं टॅनेट करतं. पातळ थरावर ते छान काम करतं. जाड खपलीवर मात्र वरवरचाच थर पालटतो आणि खाली गंज सुखाने चालू राहतो, म्हणून आधी खपली काढा, मग कन्व्हर्टर. डब्यावर धुवायला सांगितलं असेल तर धुवा आणि पूर्ण सुकवा. ॲसिड उरलं तर वरचा प्राइमर सुटतो.

उघड्या पत्र्यावर दोन घटकांचं इपॉक्सी प्राइमर द्या. साधं भरणीचं प्राइमर सच्छिद्र असतं, ते ओल आत सोडतं. दुसऱ्यांदा येणाऱ्या गंजामागे पुट्टी आणि हे प्राइमर ही जोडी बऱ्याचदा सापडते. पॉलिएस्टर पुट्टीही ओल शोषते. लागलीच तर ती इपॉक्सी सुकल्यावर त्याच्यावर द्या, थर दोन-तीन मिलिमीटरच्या वर नको, आणि आरपार गेलेलं भोक पुट्टीने बुजवू नका. ॲसिडवालं एच (etch) प्राइमर वापरलं असेल तर त्यावर थेट पुट्टी किंवा इपॉक्सी चालत नाही. एकाच कंपनीची मालिका घेऊन तिच्या माहितीपत्रकाप्रमाणे जाणं सोपं.

इपॉक्सीवर दुमडीच्या सांध्यात सीम सीलंटची बारीक रेघ ओढा आणि ओल्या बोटाने दाबा. निचऱ्याची भोकं आधीच काडी घालून राखून ठेवा. मग रंग आणि क्लिअर (वरचा पारदर्शक थर), पातळ थरांत, दोन थरांमध्ये डब्यावर सांगितलं तेवढं, बहुधा दहा-पंधरा मिनिटं, थांबत. दोन घटकांच्या क्लिअरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं. साधा धुळीचा मास्क त्याला पुरत नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क नसेल तर ते काम रंगाच्या बूथवर सोपवा.

मेण, मगच ट्रिम

ज्या टप्प्यासाठी आपण ट्रिम काढलं तो हा आहे. आणि घाईत नेमका हाच गाळला जातो. बाहेरचा रंग पक्का झाला की आतल्या पोकळीत पोकळीचं मेण, म्हणजे कॅव्हिटी वॅक्स, मारा. लांब लवचिक नळी आणि टोकाला चारी बाजूंना फवारणारी तोटी असते. नळी भोकातून एका टोकापर्यंत नेऊन, बटण दाबून हळूहळू मागे ओढा. पातळ मेण दुमडीत झिरपतं. खालच्या सांध्यातून थेंब बाहेर येताना दिसले म्हणजे ते पोहोचलं. हे नेहमी रंगानंतर. मेणाचा एक कण जरी रंगायच्या जागी पडला तरी रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. मेण मारलेल्या जागी नंतर वेल्डिंगही करायचं नाही, ते पेटतं.

काचा खालीवर करायची यंत्रणा या दरवाजात नसली तरी कुलूप आणि वायपरची मोटर असते. त्यांवर मेण उडू नये म्हणून प्लास्टिक बांधा. मेण घट्ट झालं की निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करा आणि आत कपभर पाणी ओतून बघा. ते काही क्षणांत खाली यायला हवं.

ट्रिम बसवण्याआधी क्लिपच्या भोकांच्या कडांना ब्रशने थोडं प्राइमर आणि मेण लावा, कारण क्लिप घुसताना तिथला रंग खरवडते. स्प्रिंगच्या पत्र्याच्या क्लिपा दरवाजातच राहिल्या असतील, तर त्या पक्कडीने काढून आधी ट्रिमच्या खुंटावर सरकवा आणि मग दाबा. भोकातच ठेवून ट्रिम ठोकलं तर खुंट तुटतो. पाणी अडवणारा पडदा नव्या बुटिलने चिकटवा आणि त्याची खालची कड अशी ठेवा की पाणी पडद्यामागे, दरवाजाच्या पोटात उतरेल, ट्रिमकडे नाही. नंबरप्लेटसाठी पत्र्याच्या भोकात प्लास्टिकचे नट घाला, म्हणजे स्क्रू पत्र्याला टेकणार नाही.

सगळे कपलर जोडून, बॅटरी लावून, कुलूप, वायपर, वॉशर, काचेचा हीटर आणि दिवे तपासा, आणि हे ट्रिम ठोकण्याआधी. कुलपावरची चिंधी काढायला विसरू नका. ट्रिम काढलं त्याच्या उलट क्रमाने बसवा. दरवाजा लावल्यावर खडखड आली तर एखादी वायर मोकळी लोंबते आहे किंवा क्लिप अर्धीच बसली आहे; वायरीभोवती कापडी टेप गुंडाळा.

तरीही फुगा आलाच तर

तीन-चार महिन्यांत त्याच जागी आला तर खड्ड्यात गंज राहिला होता किंवा प्राइमर ओल्या पत्र्यावर बसलं. वर्षभराने शेजारी आला तर दुमडीत मेण तिथपर्यंत गेलं नाही. ट्रिम परत काढून तेवढ्या भागात मेण मारा, आता क्रम माहीत असल्याने वेळ कमी लागेल. दोन्हीकडे फुगा नाही पण ट्रिमच्या खालच्या कडेला ओल दिसते, तर गळती राहिली आहे आणि बहुधा ती वरच्या ब्रेकलाइटची किंवा वायरिंगच्या बूटची असते, कारण खालून वर चाचणी करताना माणूस तिथे पोहोचेपर्यंत कंटाळलेला असतो.

निचऱ्याची भोकं मात्र वर्षातून दोनदा, गाडी धुतल्यावर, तारेने मोकळी करत जा. मेण दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा. त्यासाठी अख्खं ट्रिम काढायची गरज नसते, प्लेटच्या दिव्यांच्या भोकातून नळी आत जाते.